लिनाते, ८ ऑक्टोबर २००१: पायलटने जागा बरोबर सांगितली होती

एस-४. एक अक्षर आणि एक आकडा, मिलानच्या लिनाते विमानतळावर एका टॅक्सीवेच्या, म्हणजे विमानं रनवेपर्यंत चालत जातात त्या रस्त्याच्या, डांबरावर पिवळ्या रंगात रंगवलेला. पायलटांच्या चार्टवर हे एस-४ नव्हतं, टॉवरमधल्या कंट्रोलरलाही अशी खूण आपल्याकडे आहे हे माहीत नव्हतं. जमिनीवर मात्र ते होतं, आणि धुक्यात चाललेल्या एका छोट्या जेटच्या पायलटने ते वाचून रेडिओवर जसंच्या तसं सांगितलं. त्यानंतर दोन मिनिटांच्या आत त्याचं विमान रनवेवर होतं आणि समोरून टेकऑफसाठी सुसाट सुटलेलं दुसरं विमान त्याच्यावर आदळलं. ११८ माणसं गेली.

मी चौदा वर्षं रॅम्पवर, म्हणजे विमानतळावर उभ्या विमानांपाशी, काम करतोय, नवीन पोरं आली की त्यांना आम्ही ग्राउंडवरच्या टकरींची प्रकरणं सांगतो, त्यात बहुतेक जण टेनेरिफचं सांगतात कारण ते सगळ्यात मोठं, १९७७ सालचं, ५८३ मेलेले. मी लिनाते सांगतो. कारण टेनेरिफमध्ये परवानगी नसताना टेकऑफ सुरू झाला होता, पण लिनातेला टेकऑफ करणाऱ्या विमानाने सगळं नियमाप्रमाणे केलं होतं, आणि तरी ते वाचलं नाही. सगळी गडबड टॅक्सी करणाऱ्या विमानाची, म्हणजे धावपट्टीपर्यंत चालत जाण्याच्या भागाची, ज्या भागाकडे प्रवासी सोडा, आपल्यातले पण बरेच जण "अजून निघालंच कुठे" म्हणून बघतात.

आधी तिथली जागा समजून घेऊ, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लिनातेचा मुख्य रनवे उत्तर-दक्षिण. मोठी विमानं, टर्मिनल, हे सगळं उत्तरेच्या अ‍ॅप्रनवर. अ‍ॅप्रन म्हणजे विमानं उभी करायचं पटांगण. छोटी खासगी विमानं पश्चिमेच्या अ‍ॅप्रनवर उभी राहायची. या पश्चिम अ‍ॅप्रनमधून बाहेर पडलं की पिवळी लाइन फुटते आणि दोन रस्ते होतात. डावीकडचा आर-५, तो उत्तरेकडे जाऊन रनवेच्या टोकाच्या पलीकडून वळसा घालून मुख्य अ‍ॅप्रनला जातो, म्हणजे रनवेला कुठेच लागत नाही. उजवीकडचा आर-६, तो आग्नेयेला जातो आणि सरळ रनवेला येऊन मिळतो. एकाच फाट्यावरून एक रस्ता वळशाने घरी आणि दुसरा थेट हायवेच्या मधोमध, असं समजा. आणि या फाट्यावरच्या खुणा झिजलेल्या होत्या, आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ज्या पाट्या आणि मार्किंग हवं ते तिथे नव्हतं, हे इटलीच्या अपघात तपास संस्थेने नंतर स्पष्ट लिहिलं.

त्या सकाळी दाट धुकं. पो नदीच्या खोऱ्यात शरदात धुकं पडतंच, तिथल्या लोकांना त्याचं नवल नाही. रनवेवरची दृश्यमानता २०० मीटरच्या आसपास. टॉवरमधून खाली काहीही दिसत नव्हतं, काचेबाहेर नुसतं पांढरं. छोटं विमान सेसना सायटेशन सीजे-२, जर्मन नोंदणीचं, पहाटे कोलोनहून याच धुक्यात येऊन उतरलं होतं आणि आता दोन प्रवासी घेऊन पॅरिसच्या ल बूर्जेला निघालं होतं. दोन पायलट, दोन प्रवासी. खरं तर इतक्या कमी दृश्यमानतेत उडवायची पात्रता त्या क्रूकडे नव्हती, पण ते तपासणारी कुठलीच व्यवस्था तिथे नव्हती, उतरताना कोणी विचारलं नाही आणि निघतानाही नाही. दुसरं विमान एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीचं एमडी-८७ प्रवासी जेट, कोपनहेगनला निघालेलं, ११० माणसं आत.

आता रेडिओवर काय झालं ते नीट बघा, मी पोरांना हे दोन-दोनदा सांगतो.

ग्राउंड कंट्रोलरने सेसनाला सांगितलं की उत्तरेकडे आर-५ ने टॅक्सी कर आणि मुख्य रनवेच्या एक्स्टेन्शनच्या स्टॉप बारला (थांबण्यासाठी जमिनीवर लावलेल्या लाल दिव्यांच्या ओळीला) आलास की कळव. एक्स्टेन्शन म्हणजे रनवे संपल्यावर त्याच रेषेत पुढे जी जागा येते ती, आर-५ तिथूनच जातो. पायलटने रीडबॅक दिला, म्हणजे ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवली: आर-५ ने, आणि मुख्य रनवेच्या आधी कळवतो. आर-५ बरोबर आला. पण "उत्तरेकडे" गळलं आणि "एक्स्टेन्शन" पण गळलं. कंट्रोलरला आर-५ ऐकू आलं, त्याला हवा तो शब्द मिळाला, त्याने पुढे टोकलं नाही. पायलटच्या डोक्यात आता पुढे मुख्य रनवे लागणार आहे आणि त्याच्या आधी थांबून कळवायचंय, एवढं राहिलं. आर-५ ने गेला असता तर रनवे लागलाच नसता. आर-६ ने गेला म्हणून लागला. म्हणजे चुकीच्या रस्त्यावर त्याला जे दिसणार होतं ते त्याच्या चुकीच्या रीडबॅकशी अगदी फिट्ट बसत होतं, त्यामुळे आपण चुकलोय अशी शंका यायला जागाच उरली नाही. मला हा भाग सगळ्यात जास्त बोचतो. चुकलेल्या माणसाला काहीतरी विसंगत दिसलं तर तो थांबतो, विचारतो. याला सगळं सुसंगत दिसत होतं.

फाट्यावर तो उजवीकडे वळला. काही वेळाने त्याने कळवलं की आपण एस-४ जवळ आलोय. हे एस-४ आर-६ वर होतं. आर-५ वर नव्हतं. म्हणजे त्याने आपली जागा अचूक सांगितली, वेगळ्या शब्दात "मी आर-६ वर आहे, रनवेकडे चाललोय" असंच सांगितलं, फक्त ते ओळखू शकेल असं ऐकणारं कोणी नव्हतं. एस-१, एस-२ वगैरे या खुणा कधीतरी रंगवलेल्या आणि तशाच राहून गेलेल्या, विमानतळाच्या प्रकाशित नकाशात त्यांचा पत्ताच नाही. आपल्याकडे चाळीत खोल्यांचे नंबर बदलतात, पालिकेच्या यादीत नवा नंबर जातो पण दारावर जुना तसाच राहतो, आणि मग रात्री कुणी अ‍ॅम्ब्युलन्सला दारावरचा नंबर सांगितला की गाडी भलत्याच बिल्डिंगखाली जाऊन उभी राहते, तसं. सांगणारा खोटं बोलत नसतो.

कंट्रोलरने विचारलं, पोझिशन कन्फर्म कर. म्हणजे त्याला काहीतरी खटकलं होतं, हे मान्य करायला पाहिजे. पायलट म्हणाला, रनवेच्या जवळ येतोय, एस-४. दुसऱ्यांदा तेच खरं उत्तर, आणि यावेळी तर रनवे हा शब्द पण आत होता. कंट्रोलरच्या डोक्यात विमान आर-५ वर होतं आणि तिथला स्टॉप बारही रनवेच्या रेषेतच येतो, त्यामुळे "रनवेच्या जवळ" हे पण त्या चित्रात बसून गेलं. एस-४ म्हणजे काय हे त्याने विचारलं नाही. त्याने स्टॉप बारला थांबायला सांगितलं, आणि थोड्या वेळाने म्हणाला, टॅक्सी चालू ठेव, मुख्य अ‍ॅप्रनवर जा, अल्फा लाइन धर. पायलटने ते परत म्हणून दाखवलं आणि निघाला.

साधारण त्याच सुमाराला, काही सेकंदांच्या अंतराने, दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर टॉवरने एसएएसला टेकऑफ क्लिअरन्स दिला. दोन विमानं, दोन फ्रिक्वेन्स्या. सेसनाने टेकऑफचा क्लिअरन्स ऐकला नाही, एसएएसने सेसनाची पोझिशन ऐकली नाही. आणि ग्राउंडच्या फ्रिक्वेन्सीवर कुणाशी इंग्रजीत तर कुणाशी इटालियनमध्ये बोलणं चालू, म्हणजे बाकीचे कुठे आहेत हे जर्मन क्रूला कान देऊन जुळवायचं म्हटलं तरी अर्धं कळलं नसतं.

सेसना आर-६ वरून पुढे गेला. वाटेत लाल दिव्यांची ओळ होती, पेटलेली. जमिनीवर थांबण्याची खूण होती. तो ते सगळं ओलांडून गेला. लाल दिवे ओलांडले ही पायलटची चूक आहे, यात वाद नाही, आणि आज आंतरराष्ट्रीय नियम एकदम सरळ आहे की पेटलेला लाल स्टॉप बार ओलांडायचा नाही, कंट्रोलरने क्लिअरन्स दिला तरी नाही, दिवे विझेपर्यंत थांबायचं नाहीतर विचारायचं. पण त्याच्या जागी बसून बघा. आधी थांबायला सांगितलं, मग "चालू ठेव" सांगितलं, तो निघाला. त्याच्या मते त्याला याच लाल दिव्यांसाठी परवानगी मिळाली होती.

सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी टक्कर झाली. एमडी-८७ चा वेग तेव्हा १४६ नॉट, म्हणजे ताशी २७० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. २०० मीटरवरची वस्तू दिसली तरी हातात तीन सेकंद पण नाहीत. फ्लाइट रेकॉर्डरमध्ये दिसतं की आदळण्याच्या अगदी आधी पायलटने नाक वर खेचलं होतं, म्हणजे त्याला बहुतेक शेवटच्या क्षणी काहीतरी दिसलं. उजवं मुख्य चाक गेलं, उजवं इंजिन सुटलं. तशा अवस्थेत ते विमान बारा सेकंद हवेत राहिलं, जेमतेम दहा-अकरा मीटर वर गेलं, परत खाली आलं, पायलट शेवटपर्यंत ते सावरायचा आणि थांबवायचा प्रयत्न करत होते, पण एक बाजूचं चाकच नाही, ते उजवीकडे घसरत रनवेच्या टोकापलीकडच्या बॅगेज हँडलिंगच्या इमारतीत घुसलं. विमानातले सगळे ११० गेले, सेसनातले ४, आणि इमारतीत सामान लावणारे ४ कामगार.

ते ४ कामगार माझ्या मनातून जात नाहीत. ते ना विमानात होते ना रनवेवर, सकाळच्या शिफ्टला बॅगा लावत होते.

आणि यानंतरचं ऐका. विमानतळावर आवाज ऐकू आला, एसएएस रडारवर दिसेना, पण सेसना या सगळ्यात आहे हे कुणालाच कळलं नाही. रनवेवर सेसना जळत होता आणि त्याचे अवशेष सापडायला वीस मिनिटांहून जास्त वेळ लागला. म्हणजे अपघात होऊन गेल्यावरही कंट्रोलरच्या चित्रात ते विमान आर-५ वरच होतं. आदल्या दिवशीच, ७ ऑक्टोबरला, अमेरिकेने अफगाणिस्तानवर बॉम्बहल्ले सुरू केले होते, ११ सप्टेंबरला महिना पण झाला नव्हता, त्यामुळे बातमी आल्या आल्या जगभर पहिला संशय घातपाताचा आला. कुणीही कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं.

आता ग्राउंड रडारकडे येतो, कारण हे ऐकून लोक चिडतात आणि चिडायलाच पाहिजे. लिनातेला जमिनीवरचं रडार होतं. जुनं झालं म्हणून नोव्हेंबर १९९९ मध्ये बंद केलं. नवीन रडार विकत घेऊन झालेलं होतं, पण दोन वर्षं होत आली तरी ते चालू झालेलं नव्हतं. म्हणजे धुक्यासाठी बदनाम विमानतळ, ज्यात कंट्रोलरला काचेतून दिसत नाही, आणि रडारवरही दिसत नाही, उरलं काय तर पायलट जे सांगेल ते. रनवेवर कुणी घुसलं तर सांगणारे सेन्सर टॅक्सीवेवर बसवलेले होते, तेही काही वर्षांपूर्वी बंद करून ठेवलेले. म्हणजे चार आधार होते, पाट्या, रडार, सेन्सर आणि रेडिओ, त्यातले पहिले तीन आधीच काढून घेतलेले, आणि चौथ्यावर एस-४ या शब्दाने घात केला.

तपासाचा अंतिम अहवाल जानेवारी २००४ मध्ये आला. त्यात तात्काळ कारण सेसनाचं रनवेवर घुसणं हेच आहे, पण अहवालाचा मोठा भाग विमानतळाच्या अवस्थेवर आहे, आणि मला ते योग्य वाटतं. त्याच वर्षी मिलानच्या कोर्टाने चौघांना दोषी धरलं, त्यात त्या सकाळचा कंट्रोलर होता आणि वरच्या खुर्चीवरचे अधिकारीही होते, पुढे अपिलात शिक्षा बदलत गेल्या. कंट्रोलरबद्दल माझं मत विचाराल तर त्याने एस-४ ला "हे कुठे आहे" विचारायला हवं होतं, एवढी एक चूक त्याची नक्की. पण ज्या माणसाला डोळे दिले नाहीत, नकाशा अर्धवट दिला, त्याला शेवटच्या चुकीसाठी पहिल्या रांगेत उभं करणं मला पटत नाही.

विमानतळाला लागूनच असलेल्या फोर्लानिनी पार्कमध्ये ११८ बीच झाडांचं बन लावलंय, प्रत्येक माणसामागे एक.

या प्रकरणातून कामाच्या पद्धतीत काय बदललं ते सांगतो. युरोपात २००३ मध्ये रनवे इनकर्शन, म्हणजे रनवेवर चुकून कुणी घुसणं, रोखण्यासाठी युरोकंट्रोल या युरोपच्या हवाई वाहतूक संस्थेचा कृती आराखडा आला, त्यामागे लिनातेचा धक्का मोठा होता. मोठ्या विमानतळांवर आता ए-एसएमजीसीएस असतं, म्हणजे ग्राउंड रडार आणि विमानातला ओळख पाठवणारा ट्रान्सपॉन्डर जोडून प्रत्येक विमान नावानिशी कंट्रोलरच्या स्क्रीनवर दिसतं, रनवेवर कुणी चुकून आलं तर अलार्म वाजतो. आपल्याकडे दिल्ली-मुंबईला ते आहे. चार्टवर जिथे फसायला होतं तिथे गोल करून हॉट स्पॉट दाखवलेला असतो. काही ठिकाणी टॅक्सीवेवरचे हिरवे दिवे फक्त तुमच्यापुढेच पेटतात आणि तुम्ही नुसतं हिरव्यामागे जायचं, आर-५ की आर-६ हा प्रश्नच नाही. मला स्वतःला हा सगळ्यात चांगला उपाय वाटतो कारण त्यात शब्दच कमी लागतात.

पण यंत्र आलं म्हणजे झालं असं नाहीये. टोकियोच्या हानेदाला २ जानेवारी २०२४ रोजी ग्राउंड रडार होतं, रनवेवर विमान आहे हे दाखवणारी सूचना कंट्रोलरच्या स्क्रीनवर येतही होती, ती लक्षात आली नाही. कोस्ट गार्डच्या विमानाला होल्डिंग पॉइंटपर्यंत, म्हणजे रनवेच्या आधी थांबायच्या जागेपर्यंत, टॅक्सी करायला सांगितलं होतं, सोबत "नंबर वन" म्हणजे तुमचा पहिला नंबर, आणि तो क्रू रनवेवर जाऊन थांबला. त्या होल्डिंग पॉइंटचे स्टॉप बारचे दिवे तेव्हा दुरुस्तीमुळे बंद होते. उतरणारं जपान एअरलाइन्सचं ए-३५० त्याच्यावर आदळलं, कोस्ट गार्डचे सहापैकी पाच गेले, ए-३५० मधले ३७९ जण सगळे जिवंत बाहेर आले. परत तेच, रेडिओवरचा एक शब्द आणि बंद असलेला दिवा.

आणि ज्यात कुणी मरत नाही त्या टकरी तर कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. कोलकात्याला २७ मार्च २०२४ ला इंडिगोच्या टॅक्सी करणाऱ्या विमानाचं पंख रनवेपाशी उभ्या असलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या पंखाला घासलं, पंखाचा तुकडा खाली पडला, एवढंच. हवेत टीकॅस असतं, दुसरं विमान जवळ आलं की वर जा, खाली जा असं ओरडून सांगतं, जमिनीवर असं काही नाही. मोठ्या विमानाच्या कॉकपिटमधून तर स्वतःच्या पंखाचं टोक नीट दिसतही नाही. तिथे पिवळ्या लाइनवर विश्वास ठेवायचा आणि शंका आली तर थांबायचं, थांबून विचारायचं, मागे दहा विमानं रांगेत असली तरी.

नवीन पोरांना हे सांगताना एक माझा स्वतःचा प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मी जिथे होतो तिथे स्टँडचे नंबर बदलले, नवे आकडे रंगवले, जुने काळ्या रंगाने झाकले, पण एक राहिला होता. पावसाळा, संध्याकाळ, धो धो पाऊस, आमचा ट्रॅक्टर ड्रायव्हर बॅगेजच्या ट्रॉल्या घेऊन निघाला, त्याला वॉकीवर विचारलं कुठे आहेस, त्याने खाली वाकून बघितलं आणि आकडा सांगितला. मी नव्या नकाशात तो आकडा शोधला, तो भलत्याच टोकाला होता, मी म्हणालो ठीक आहे, ये पुढे. तो पुढे आला तो थेट पुशबॅक चालू असलेल्या, म्हणजे मागे ढकलल्या जाणाऱ्या, विमानाच्या शेपटीखाली. पंखापाशी चालत खुणा करणाऱ्या विंगवॉकरने काठ्या आडव्या धरल्या आणि विमान ढकलणारा टग थांबला म्हणून निभावलं. ड्रायव्हर मला नंतर म्हणाला, "दादा, मी जे लिहिलं होतं तेच सांगितलं." तेव्हा मला लिनाते आठवलं, आणि पोटात गोळा आला, कारण यावेळी एस-४ न विचारणारा मी होतो.

त्याच रात्री मी रिपोर्ट टाकला, स्वतःच्या चुकीसकट. दोन आठवड्यांनी तो आकडा काळ्या रंगाखाली गेला. पाऊस पडून डांबर ओलं झालं की त्या रंगाखालचा पिवळा अजून थोडासा दिसतो, म्हणून मी तिथून जाताना नव्या ड्रायव्हरला उतरवून तो दाखवतोच.